रेडियम काढले तरी जुने नाव दिसतेच: गाडीवरील स्टिकर आणि गोंद काढताना येणाऱ्या अडचणी

गेल्या महिन्यात एक पांढरा छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, दुकानापुढे येऊन उभा राहिला. मालकाने तो एका दूधवितरकाकडून जुना विकत घेतला होता आणि आता त्यावर भाजीची वाहतूक करणार होता. दोन्ही बाजूंचे बहुतेक निळे रेडियम त्याने घरच्या घरी सोलून काढले होते, रॉकेलने पत्रा पुसला होता आणि साबणाच्या पाण्याने गाडी धुतली होती. धुतल्या दिवशी पत्रा पांढराशुभ्र दिसला, पण आठ दिवस रस्त्यावर फिरल्यावर आधीच्या मालकाचे नाव मातकट अक्षरांत पुन्हा वाचता येऊ लागले आणि चौकातले गिऱ्हाईक भाजीच्या गाडीला दुधाचा भाव विचारू लागले. मालकाने पुन्हा रॉकेल लावले, पुन्हा गाडी धुतली आणि आठवड्याने नाव पुन्हा उमटले.

नाशिकमध्ये रेडियम कापण्याचे आणि लावण्याचे काम करताना ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की तिच्यावर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आपल्याकडे कापून चिकटवलेल्या कोणत्याही रंगीत स्टिकरला रेडियम म्हणतात. त्यात रेडियम हे मूलद्रव्य नसते. असते ती पीव्हीसीची पातळ फिल्म आणि तिच्या पाठीला लावलेला ॲक्रिलिक गोंद. हे दोन थर आणि त्यांच्याखालचा गाडीचा रंग असे तीन थर इथे एकमेकांवर असतात. जुने नाव पुन्हा दिसते तेव्हा दोष या तीनपैकी नेमक्या कोणत्या थरात आहे हे न ओळखताच बहुतेक जण हाताला येईल ते द्रावण घेऊन घासायला लागतात, आणि अर्ध्याहून अधिक नुकसान तिथेच होते.

दोष कोणत्या थरात आहे?

हे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर कापसावर घेऊन संशयित जागेवर हलकेच फिरवावी. नंतर स्वच्छ, कोरड्या कापसाने ती झटकावी. गोंद शिल्लक असेल तर पावडर त्याच अक्षरांत धरून राहते आणि डोळ्यांना न दिसणारे नाव स्पष्ट उमटते. त्या छोट्या हत्तीवर पावडर फिरवली तेव्हा नाव तर उमटलेच, शिवाय अक्षरांच्या बाजूला रॉकेलच्या फडक्याचे लांबट फराटेही उमटले. याचा अर्थ सरळ होता: रॉकेलने गोंद निघाला नव्हता, तो पातळ होऊन पसरला होता, आणि त्याच्यावर रॉकेलचा स्वतःचा तेलकटपणा बसला होता. रस्त्यावरची धूळ अशा पृष्ठभागावर जशी बसते तशी स्वच्छ रंगावर बसत नाही.

दुसरी कसोटी नखाची आहे. नख अक्षराच्या कडेवरून आडवे सरकवावे. कडेला ते अडत असेल तर एक तर फिल्मचा पापुद्रा तिथे राहिला आहे, किंवा कडेला साचलेला मळ घट्ट झाला आहे, किंवा पूर्वी कोणीतरी स्टिकर गाडीवरच ठेवून ब्लेडने कापले आहे आणि ब्लेडची रेघ रंगात उतरली आहे. ही शेवटची गोष्ट सर्वांत वाईट, कारण ब्लेड पत्र्यापर्यंत गेले असेल तर एखाद-दोन पावसाळ्यांत त्या रेघेतून गंज बाहेर पडतो.

तिसरी कसोटी पाण्याची. पावडर धरत नाही, नख अडत नाही, तरीही नाव दिसते आहे, तर त्या जागेवर पाणी मारावे. ओले असताना नाव नाहीसे होत असेल आणि सुकल्यावर परत येत असेल, तर आजूबाजूचा रंग उन्हाने वरवर खडूसारखा झाला आहे आणि स्टिकरखालचा रंग मात्र चकचकीत राहिला आहे असे समजावे. हा दोष रबिंगने, म्हणजे बारीक घासणारी पेस्ट फिरवून, जातो. ओल्या पत्र्यावरही दोन छटा वेगळ्या दिसत असतील तर रंगद्रव्यच फिके पडले आहे. लाल रंगावर हे फार होते. तिथे कितीही घासले तरी नाव पूर्ण जाणार नाही, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवणे योग्य असते.

फिल्म आणि गोंद म्हातारे कसे होतात

पीव्हीसी मुळात कडक असते. स्टिकरला लागणारा लवचिकपणा तिच्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे येतो. ऊन आणि उष्णता यांनी हा प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर पडतो. काही हवेत जातो, काही खालच्या गोंदात उतरतो. त्यामुळे एकाच वेळी दोन उलट गोष्टी घडतात: वरची फिल्म वाळलेल्या पानासारखी कडकडीत होते आणि खालचा गोंद मऊ, चिवट आणि काळपट होतो. बाजारातली स्वस्त फिल्म रुळांमधून लाटून केलेली असते आणि लाटताना तिच्यात जो ताण राहतो तो पुढे आकसण्याच्या रूपाने बाहेर येतो. फिल्म आकसते, पण गोंद जागेवरच राहतो, आणि मग प्रत्येक अक्षराभोवती गोंदाची बारीक उघडी किनार तयार होऊन तिच्यावर धूळ बसते. जुन्या रेडियमभोवती जी काळी रेघ दिसते ती हीच.

लाटलेली स्वस्त फिल्म उघड्यावर साधारण दोन-तीन वर्षे चांगली राहते. ओतून केलेली, म्हणजे कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते आणि उभ्या पत्र्यावर सात वर्षे किंवा त्याहून जास्त टिकते. बॉनेटवर आणि टपावर ऊन सरळ पडत असल्याने तिथे कोणतीही फिल्म लवकर जाते. म्हणून एकाच गाडीवरचे एकाच दिवशी लावलेले स्टिकर बाजूने सहज निघते आणि बॉनेटवरून भुग्यासारखे निघते, याचे आश्चर्य वाटू देऊ नये. दोन्ही ठिकाणी काम वेगळ्या पद्धतीने करावे लागते.

काम बिघडते ते उष्णतेच्या अंदाजात

स्टिकर ओढताना कोठेतरी काहीतरी तुटणार असते. फिल्म मधेच फाटेल, गोंद फिल्मपासून सुटून रंगावर राहील, गोंद मधोमध दुभंगून दोन्हीकडे राहील, रंग प्रायमरपासून, म्हणजे त्याच्याखालच्या पहिल्या थरापासून, उपटून येईल, किंवा गोंद रंगापासून स्वच्छ सुटेल. यांपैकी आपल्याला फक्त शेवटचे हवे असते. त्या क्षणी सर्वांत कमजोर जोड कोणती आहे यावर काय तुटेल हे ठरते, आणि ती जोड कोणती असावी हे ठरवण्याचे आपल्या हातातले मुख्य साधन उष्णता आहे.

थंड पत्र्यावर जुनी फिल्म काचेसारखी तुटते. डिसेंबरमध्ये नाशिकला सकाळी सात वाजता उघड्यावर उभ्या असलेल्या टेम्पोचे रेडियम काढायला घेतले तर नखाएवढे तुकडे हाती येतात आणि तासाभरात एक अक्षरही पुरे होत नाही. याउलट मे महिन्यात जळगाव किंवा नागपूरच्या उन्हात दुपारी दोन वाजता गडद रंगाच्या गाडीला हात घातला, तर फिल्म लोण्यासारखी निघते आणि सगळा गोंद पत्र्यावर राहतो. ‘आमच्याकडे रेडियम सहज निघते पण गम राहतो’ आणि ‘आमच्याकडे रेडियमचा चुराच होतो’ या दोन तक्रारी ऐकायला वेगळ्या वाटतात, पण त्या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत: पहिल्या ठिकाणी उष्णता जास्त झाली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कमी पडली आहे.

पत्र्याचे तापमान साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसेल तर तळहाताने अजमावावे: हात ठेवता आला पाहिजे, पण दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेववू नये. हीट गनचा, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या बंदुकीचा, आकडा पाहून फसू नये, कारण बंदुकीच्या तोंडाशी हवा ४०० ते ५०० अंशांवर असू शकते आणि पत्र्याला किती उष्णता मिळते हे अंतरावर अवलंबून असते. तोंड पत्र्यापासून वीतभर लांब ठेवून सतत हलवत राहावे. एका जागी थांबले तर रंग फुगतो, आणि पीव्हीसी २०० अंशांच्या पुढे गेली तर ती विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा नाकाला झोंबणारा विषारी वायू सोडू लागते. असा वास आला की लगेच थांबून बाजूला व्हावे. एखाद्या छोट्या स्टिकरला घरातले केस वाळवण्याचे ड्रायर पुरते. त्याने रंग जळण्याची भीतीही फार कमी असते.

आता हाताची हालचाल. देवनागरी अक्षरांचा इथे एक मोठा फायदा आहे. यंत्रावर शब्द कापताना शिरोरेषा सलग ठेवलेली असेल, तर सबंध शब्द हा एकच तुकडा असतो. म्हणून सुरुवात एखाद्या अक्षराच्या पोटापासून न करता शिरोरेषेच्या डाव्या किंवा उजव्या टोकापासून करावी. टोकाला दहा-पंधरा सेकंद ऊब द्यावी, प्लॅस्टिकच्या पात्याने कोपरा उचलावा आणि बोटांच्या चिमटीत धरून फिल्म पत्र्यापासून सरळ बाहेर न ओढता मागे दुमडून, पत्र्याकडे झुकवून हळूहळू खेचत न्यावी. सेकंदाला एखाद-दोन सेंटीमीटर एवढाच वेग ठेवावा. त्या छोट्या हत्तीच्या दुसऱ्या बाजूला ‘दूध’ हा शब्द मालकाने अर्धवट सोडला होता. शिरोरेषा तापवून खेचत नेली तेव्हा ‘द’ आणि त्याचा ऊकार अखंड उतरले. ‘ध’च्या वळणावर फिल्म ताणली जाऊन पांढरी पडू लागली, तेव्हा ओढणे थांबवले आणि तेवढ्याच जागी पुन्हा ऊब दिली. फिल्म ताणून पांढरी होणे ही ती फाटण्याच्या आधीची सूचना असते. आणि सुटलेल्या जागी गोंदाचे धागे सुटू लागले, म्हणजे पत्रा आणि फिल्म यांच्यामध्ये मधासारख्या तारा दिसू लागल्या, तर उष्णता जास्त झाली आहे असे समजून बंदूक बाजूला करावी आणि अर्धा मिनिट पत्रा निवू द्यावा. या दोन खुणांवर नजर ठेवली तर तापमापकाची गरज पडत नाही.

फिल्मचा खरोखरच चुरा होत असेल तर प्लॅस्टिकचे ब्लेड वापरावे. लोखंडी ब्लेड रंगावर कधीही नको. मोठ्या पट्ट्यांसाठी ड्रिलला लावायचे रबरी चाक मिळते; ते फिल्म आणि गोंद दोन्ही खोडरबरासारखे खोडून काढते. चाकावर कमाल वेग छापलेला असतो, तो वाचूनच यंत्र निवडावे. साधे ड्रिल मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते, तर चार इंची ग्राइंडर सुमारे ११,००० फेरे घेतो. ग्राइंडरवर हे चाक लावणारे मी पाहिले आहेत. त्यात चाक फुटून इजा होण्याचा धोका तर आहेच, पण रंगही काही सेकंदांत करपतो. ड्रिलवरसुद्धा चाक एका जागी दाबून धरू नये. नव्याने रंगवलेल्या भागावर आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते वापरूच नये.

गोंद काढण्याचा क्रम

आधी सगळी फिल्म, मग गोंद, हा क्रम मोडू नये. रॉकेल आणि टर्पेंटाईन पीव्हीसीच्या आरपार सहज जात नाहीत, त्यामुळे वर फिल्मचे तुकडे ठेवून द्रावण ओतणे म्हणजे छत्रीवर पाणी ओतून खालची जमीन भिजेल अशी अपेक्षा करण्यासारखे आहे.

ॲक्रिलिक गोंद द्रावणात साखरेसारखा विरघळत नाही. तो आधी फुगतो, जेलीसारखा होतो आणि रंगावरची पकड सोडतो. फुगायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ न देता घासत सुटणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाईन किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेला गोंद काढणारा द्रव जुन्या फडक्यावर भरपूर घेऊन ते फडके गोंदावर चिकटवावे, वरून पातळ प्लॅस्टिक लावावे म्हणजे द्रव उडून जात नाही, आणि दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. नंतर प्लॅस्टिकचे पाते एकाच दिशेने फिरवून सुटलेला गोंद गुंडाळत आणावा आणि लगेच कागदावर पुसून टाकावा. पुन्हा मागे-पुढे फिरवले की निघालेला गोंद परत बसतो. फडक्याची घडी दर पुसण्याला बदलावी. एका दरवाज्याला पाच-सहा स्वच्छ फडकी लागली तर ती लागू द्यावीत. छोट्या हत्तीच्या मालकाने दोन्ही बाजू एकाच फडक्याने पुसल्या होत्या आणि म्हणूनच ते फराटे पावडरीत उमटले.

यानंतरचे दोन टप्पे बहुतेक जण गाळतात आणि नाव परत येते ते नेमके त्यामुळे. टर्पेंटाईन असो, रॉकेल असो वा खोबरेल तेल, मागे तेलकट थर राहतोच. तो भांडी घासायच्या द्रव साबणाने आणि कोमट पाण्याने दोनदा धुवावा. पत्रा सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने, म्हणजे साधारण सात भाग अल्कोहोल आणि तीन भाग पाणी, स्वच्छ फडक्याने पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे. मग पुन्हा पावडर फिरवून पाहावी. पावडर कोठेच धरली नाही, तरच काम झाले.

खोबरेल तेलाबद्दल विचारणा नेहमी होते. छोट्या स्टिकरच्या गोंदावर ते चालते, रंगाला अपाय करत नाही, फक्त त्याला रात्रभर वेळ द्यावा लागतो. दहा फूट लांबीच्या पट्टीसाठी त्याचा उपयोग नाही.

पेट्रोल मात्र वापरू नये, आणि ही सूचना मी पूर्ण गांभीर्याने करत आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या हवेत ते प्रत्येक क्षणी पेट घेण्याच्या स्थितीत असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलसाठी हाच आकडा सुमारे १२ अंश आहे. रॉकेल आणि टर्पेंटाईन यांना त्याहून जास्त तापमान लागते, पण तापवलेला पत्रा ते सहज देतो. म्हणून हीट गनचे काम पूर्ण संपवून, तिची वायर सॉकेटमधून काढून, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबून मगच द्रावणाचा डबा उघडावा. काम उघड्या हवेत करावे, हातांत नायट्राइलचे मोजे घालावेत, आणि भिजलेली फडकी दुकानाच्या कोपऱ्यात ढीग करून न ठेवता उघड्यावर पसरून सुकवावीत.

थिनर कोठे घात करतो

थिनरने गोंद सर्वांत लवकर निघतो हे खरे आहे आणि म्हणूनच तो मोह पडतो. कारखान्यातून आलेल्या गाडीचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो आणि त्यातले रेणू एकमेकांशी जोडले गेलेले असतात. त्याच्यावर थिनर झटकन फिरवून पुसला तर बहुधा काही होत नाही. पण जुन्या गाडीचा एखादा दरवाजा नंतर गॅरेजमध्ये रंगवलेला असतो, आणि तिथे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला आपले पेंटर ड्यूको म्हणतात, वापरलेला असेल तर तो केवळ सुकलेला असतो, जोडलेला नसतो. थिनर लागताच तो पुन्हा पातळ होतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जीपच्या दरवाज्यावर थिनरचे फडके फिरवले आणि गोंदाबरोबर हिरवा रंगही फडक्यावर आला; खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेला करडा पत्रा दिसू लागला. तो दरवाजा स्वखर्चाने रंगवून दिला, आणि तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या प्रत्येक भागाची वेगळी चाचणी घेतल्याशिवाय मी कोणतेही द्रावण वापरत नाही.

चाचणी सोपी आहे. ज्या भागावर काम करायचे त्याच भागाच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या कडेला पांढऱ्या फडक्यावर वापरायचे द्रावण घेऊन दहा सेकंद धरावे. फडक्यावर रंग आला किंवा जागा मऊ, निस्तेज वाटली, तर ते द्रावण त्या भागासाठी बाद. दाराच्या आतल्या बाजूला चाचणी घेऊन उपयोग नाही, कारण तिथे बहुधा मूळ रंगच असतो. लांबी भरलेल्या भागावर स्टिकर ओढतानाही विशेष जपावे लागते. रंगाची पकड तिथे कमी असेल तर रंगाचा अख्खा पापुद्रा स्टिकरबरोबर येतो. अशी शंका असेल तर गाडीमालकाला काम सुरू करण्यापूर्वीच कल्पना द्यावी.

ॲसिटोन आणि थिनर हेडलाइटच्या पारदर्शक आवरणावर कधीही लागू देऊ नयेत. ते पॉलिकार्बोनेट असते आणि एका थेंबाने धुरकट होऊन त्याला बारीक तडे जातात. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरच्या प्लॅस्टिकच्या भागांवरही अल्कोहोलच्या मिश्रणापलीकडे जाऊ नये.

दुचाकीच्या टाकीवर, काचेवर आणि चमकत्या पट्ट्यांवर

मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर हीट गन चालवू नये. झाकणाजवळ वाफ असते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते. तिथे जाड टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून स्टिकरवर ठेवावा आणि निवला की बदलावा. तीन-चार वेळा असे केले की फिल्म नरम पडते. त्याआधी मात्र नख फिरवून पाहावे. अनेक गाड्यांवर कंपनीचे स्टिकर चकचकीत लॅकरच्या थराखाली असते आणि नखाला त्याची कडच लागत नाही. असे स्टिकर सोलून निघतच नाही. लॅकर घासून टाकी पुन्हा रंगवणे एवढाच मार्ग असतो. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा तर कित्येकदा हाताने रंगवलेल्या असतात. त्या स्टिकर समजून कोणी टर्पेंटाईनने घासू नयेत.

काचेवर लोखंडी ब्लेड चालते. काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून ब्लेड ३० अंशांच्या आसपास तिरके धरावे आणि फक्त पुढेच ढकलावे. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला धुके घालवणाऱ्या तारा असतात, तिथे मात्र ब्लेड लावले तर त्या तुटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातल्यानंतर घाईघाईने फिल्म खरवडताना कित्येक गाड्यांच्या तारा अशाच गेल्या. तिथे ओला कागद आणि ऊब यांनी गोंद नरम करून प्लॅस्टिकचे पातेच वापरावे. गार काचेच्या एकाच बिंदूवर हीट गन धरली तर काच तडकते. फास्टॅग काढताना तो फाटतो आणि थरांत सुटतो. तो तसाच बनवलेला असतो, म्हणून अखंड काढण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. काढण्यापूर्वी बँकेकडून जुना टॅग बंद करून घ्यावा.

ट्रक, टेम्पो आणि बस यांच्यावरच्या लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या परावर्तक पट्ट्या ही सर्वांत चिवट गोष्ट. त्यांत प्रकाश परतवणारे अनेक थर असतात, ते ऊब देऊनही ताणले जात नाहीत आणि वरचा थर सुटून खालचा चंदेरी थर पत्र्यावरच राहतो. या पट्ट्या पासिंगसाठी आवश्यक असल्याने त्या खराब झाल्या म्हणून काढल्या तरी लगेच नव्या लावाव्या लागतात. त्यामुळे आधी आरटीओची तारीख पाहून कामाचा दिवस ठरवावा. उन्हाचा जोर वाढण्याआधी, सकाळी दहाच्या सुमारास, वितीएवढे तुकडे करून काढणे मला सर्वांत सोयीचे वाटते. तुकडे करताना ब्लेड पट्टीच्या जाडीपलीकडे जाऊ देऊ नये. नव्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटवर यातले कोणतेही द्रावण किंवा उष्णता वापरू नये. तिच्यावरची परावर्तक फिल्म आणि होलोग्राम खराब झाले तर पूर्ण प्लेट बदलावी लागते.

सावली उरली तर

गोंद निघाला, पावडर धरत नाही, तरीही अक्षरांची सावली आहे आणि ती ओले केल्यावर नाहीशी होते, तर बारीक रबिंग कंपाउंडने काम होते. फक्त अक्षरांवर घासू नये, कारण अक्षरांखालचा रंगच चांगला असतो. फिका पडला आहे तो आजूबाजूचा, म्हणून सबंध भागच घासून एकसारखा करावा लागतो. हा साधा विचार सुटतो आणि लोक अक्षरे गिरवल्यासारखी घासत बसतात. वरच्या लॅकरची जाडी जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. तेव्हा दोन-तीन हातांत फरक पडला नाही तर थांबावे आणि पेंटरकडे द्यावे. साध्या एकथरी रंगाच्या टेम्पोवर फडक्याला गाडीचा रंग लागणारच, तो जळलेला वरचा थर असतो, त्याने घाबरू नये.

त्या छोट्या हत्तीला रबिंगची गरज पडली नाही. टर्पेंटाईनची दोन आवरणे, दोनदा साबण, एकदा अल्कोहोल, आणि पावडर स्वच्छ निघाली. मालकाला त्याच दिवशी नवे नाव लावून हवे होते, पण उजव्या बाजूचा मागचा कोपरा त्याने गाडी घेतल्यावर नुकताच रंगवून घेतलेला होता. ताज्या रंगातून द्रावणाची वाफ कित्येक दिवस बाहेर पडत असते. त्याच्यावर लगेच फिल्म लावली तर खाली बुडबुडे धरतात, गोंद रंगात रुतून बसतो, आणि पुढे ते स्टिकर काढताना रंगासकट निघते. म्हणून तळहाताएवढा फिल्मचा तुकडा त्या कोपऱ्यावर लावून गाडी दिवसभर उन्हात उभी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तुकड्याखाली मोहरीएवढे बारीक फुगे आलेले होते. डाव्या बाजूला नवे नाव लावून दिले आणि उजव्या बाजूसाठी तीन आठवड्यांनी यायला सांगितले.